बातमी नाही, हीही बातमीच



आमच्या बुलढाणा जिल्ह्याला दोन बाजूंनी डोंगर आहेत. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, जिच्यावर खुद्द बुलढाणा शहर वसलं आहे, आणि उत्तरेला सातपुडा. मधून पूर्णा नदी वाहते. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातल्या माणसानं सकाळी दार उघडलं की त्याला उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. ती रेघ पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तिच्यात माणूस हरवू शकतो, हे मात्र मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं.

डोंगरात हरवलेल्या माणसांबद्दल वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. ती सापडली तर फोटो येतो, नाही सापडली तरी फोटो येतो. मला आज बोलायचं आहे ते त्यांच्या घरच्यांबद्दल. दाराशी बसून वाट पाहणाऱ्यांबद्दल. कारण त्यांच्यात मी एक रात्र बसलो आहे, आणि माझ्या शेजारी एक माउली तीन दिवस बसलेली मी पाहिली आहे.

१९९८ सालच्या डिसेंबरमधला रविवार. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. वडील गेलेले, घरात आई, मी, बायको आणि वीस वर्षांचा धाकटा भाऊ. तो कॉलेजात शिकत होता. सकाळी त्याचे तीन मित्र आले. दोन मोटारसायकलींवर चौघं निघाले. आईनं विचारलं, "कुठी चालले?" भाऊ म्हणाला, "वारीच्या हनुमानाले जाऊन येतो. दिवस मावळायच्या आत घरी." वान नदीच्या काठचं हे ठाणं आमच्याकडे सगळ्यांच्या माहितीचं. आईनं भाकरी-ठेच्याची शिदोरी बांधून दिली आणि पोरं गेली.

डिसेंबरात सहा वाजायच्या आतच अंधारतं. सात वाजले, आठ वाजले. आमच्या गल्लीत एकच फोन होता, किराणा दुकानदाराकडे. त्याच्या दुकानात जाऊन बसलो. फोन वाजला नाही. नऊच्या सुमारास शेजाऱ्याची जीप काढली आणि आम्ही चौघं-पाच जण वारीला गेलो. तिथे देवळाजवळच्या माणसाला उठवलं. तो म्हणाला, "चार पोट्टे? दोन गाड्या? नाई बाप्पा, इकडे आलेच नाईत."

माझ्या पोटात खड्डा पडला. पोरं जिथं जातो म्हणाली तिथं पोचलीच नव्हती. मग ती कुठे असतील? रस्त्यात अपघात झाला असेल? तसेच परत फिरलो आणि वाटेतला प्रत्येक पूल, प्रत्येक वळण बॅटरीच्या उजेडात बघत आलो. रात्री बारा वाजता पोलिस ठाण्यात पोचलो.

ठाणे अंमलदार शांत माणूस होता. त्यानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "अंगात सदरा कोणत्या रंगाचा?" मला सांगता आलं नाही. "पायात बूट की चप्पल?" माहीत नाही. "बरोबरचे तिघं कोण?" दोघांची नावं, घरं मला माहीत होती. तिसरा आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. "तो राहतो कुठे?" माहीत नाही. सख्खा भाऊ, एका घरात राहणारा, आणि मला त्याच्याबद्दल पोलिसाला लिहून देण्यासारखं काही माहीत नव्हतं. प्रश्न बरोबर होते. उत्तरं माझ्यापाशी नव्हती.

घरी आलो तर ओट्यावर कंदील ठेवून आई बसलेली. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. एक जण येऊन म्हणे, तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची धडक झाली. दुसरा म्हणे, अकोटच्या स्टँडवर चार पोरं दिसली. तिसऱ्यानं तर वाघच आणला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि त्या रात्री आमच्या ओट्यावर वीस मनं जमली होती. एका बाईनं रडायला सुरुवात केली तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "रडू नका बाई. अजून काई झालं नाई."

मी आईला ठाण्यात काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "मले काऊन नाई नेलं? सदरा बदामी हाये. उजव्या बाहीचं बटन तुटलं व्हतं, ते मी काळ्या दोऱ्यानं टाचलं. पायात चप्पल हाये, बूट नाई. डाव्या पायाले मागच्या साली लागलं व्हतं, उतारावर तो पाय आखडते. अन् तो चौथा पोरगा चष्म्यावाला, त्याले खोकला व्हता."

मी पुन्हा ठाण्यात जाऊन हे सगळं लिहून दिलं.

सोमवारी सकाळी पहिल्या एसटीच्या कंडक्टरनं सोनाळ्याच्या चहाच्या टपरीवर सहज सांगितलं की वसाळीकडच्या बाजूला, रस्ता संपतो तिथं, मोहाच्या झाडाखाली दोन मोटारसायकली रात्रभर उभ्या आहेत. त्या आमच्याच पोरांच्या होत्या. सोनाळ्याला चहा पिताना कुणीतरी त्यांना सांगितलं की वर जंगलात छान झरा आहे. तरुण पोरं, घेतली गाडी वळवून. आदल्याच वर्षी, १९९७ साली, अंबाबरवा अभयारण्य जाहीर झालं होतं. वनखात्याच्या चौकीवर सांगून जावं, एवढंही त्यांना सुचलं नाही. आम्ही रात्रभर एका दिशेला शोधत होतो आणि पोरं दुसऱ्याच दिशेला थंडीत बसली होती.

पुढचं काम पाड्यावरच्या लोकांनी आणि वनमजुरांनी केलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कोरकू बाबानं पहिला प्रश्न विचारला, "चप्पल का बूट?" आईचं उत्तर माझ्याकडे होतं. बाबा मातीत बघत पुढे चालला. दुपारी तीनच्या सुमारास तिघं पोरं सापडली. एकाचा पाय मुरगळला होता आणि बाकीचे दोघं त्याच्याजवळ बसून होते. त्या दोघांत माझा भाऊ होता.

चौथा नव्हता. चष्म्यावाला, खोकला असलेला. रात्री दहाच्या सुमारास तो म्हणाला होता, "मी नाल्यानं खाली जातो. पाणी खाली जातं तिथं गाव असतंच. माणसं घेऊन येतो." आणि तो अंधारात उतरला होता.

श्रोतेहो, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो. सातपुडा असो की सह्याद्री, डोंगरातला नाला रस्त्यासारखा सरळ उतरत नाही. तो कड्यावरून उडी घेतो. पावसाळ्यात तिथं धबधबा असतो, हिवाळ्यात नुसता कोरडा कडा, आणि रात्री तो दिसत नाही. वाट चुकली की थांबावं, एकत्र राहावं, उजाडण्याची वाट पाहावी. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९८१ साली एक नऊ वर्षांचा मुलगा डोंगरात हरवला आणि काही दिवसांनी मृत सापडला. त्यानंतर तिथं शाळांमधून मुलांना एकच गोष्ट शिकवायला सुरुवात झाली : हरवलास तर जवळच्या झाडाला मिठी मारून बस, ते झाड सोडू नकोस. शोधणाऱ्याला एका जागी बसलेला माणूस लवकर सापडतो, चालत राहिलेला सापडत नाही. कोरकू बाबानंही आमच्या पोरांना तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत.

आता त्या चौथ्या मुलाच्या घराबद्दल. त्याचं गाव पूर्णेपलीकडे होतं. घरी आई एकटी. त्यानं तिला सांगितलं होतं, मित्राकडे अभ्यासाला जातो, उद्या येईन. त्याचं घर कुठे, हे सोमवारी दुपारी माझ्या भावाच्या तोंडून कळलं. मग माणूस पाठवला. संध्याकाळच्या एसटीनं ती आपल्या भावाबरोबर आली. आमच्या ओट्यावर बसली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मले कोनी सांगतलंच नाई. माह्यं पोरगं तिथं थंडीत, अन् मी इथं गोधडी पांघरून झोपली व्हती."

हे वाक्य आजही माझ्या कानातून जात नाही. आम्ही रात्रभर जागलो, धावलो, भांडलो, देवाला नवस बोललो. त्यानं पोरं सापडली असं नाही. पण आमचं माणूस संकटात होतं तेव्हा आम्ही जागे होतो, एवढं तरी आमच्यापाशी होतं. तिच्यापाशी तेही नव्हतं. वाट पाहणं म्हणजे नुसता त्रास असं मी समजत होतो. तो एक हक्कही आहे, हे मला त्या बाईनं शिकवलं. तो हक्क तिला मिळाला नाही, कारण आम्हाला तिचं घर ठाऊक नव्हतं. त्या चुकीत मीही आहे.

सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ त्या ओट्यावर दोन आया बसून होत्या. एकीचा मुलगा आत खाटेवर झोपला होता आणि दुसरीचा डोंगरात होता. माझी आई तिच्याजवळून हलली नाही. आतल्या मुलाला पाणी द्यायलाही तिनं माझ्या बायकोला पाठवलं.

शोधाचं काम बघणारा एक वनरक्षक होता. त्यानं एक गोष्ट केली, जी तेव्हा मला निरर्थक वाटली. दर काही तासांनी तो एका पोराला सायकलनं सोनाळ्याला धाडायचा आणि तिथून फोनवर निरोप यायचा. निरोप काय? "मधला नाला पाहून झाला. कोणी नाही. आता पूर्वेच्या बाजूनं जातो." पुन्हा काही तासांनी : "पूर्वेची बाजू झाली. कोणी नाही. अंधार पडला म्हणून थांबलो. पहाटे पाचला निघतो." मी दुकानदाराला म्हटलं, काही सापडलं तरच सांगा म्हणावं, उगीच त्या बाईच्या जिवाला घोर कशाला? पण मंगळवारी दुपारी तिनंच मला विचारलं, "मास्तर, आता निरोप किती वाजता येईन?" निरोप येऊन गेला की ती दोन घास खायची. निरोपाला उशीर झाला की तिचा हात थरथरायचा. त्या निरोपातून तिला कळत होतं की तिच्या मुलाला कुणीतरी शोधतंय, कुठे शोधतंय, आणि उद्या किती वाजता पुन्हा शोधणार आहे. बातमी नाही, हीही बातमीच असते. ती देणारं कुणीतरी लागतं.

बुधवारी सकाळी तो सापडला. कड्याखाली. वनरक्षक स्वतः आला. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि एका वाक्यात खरं काय ते बोलला. "जखमी आहे", "दवाखान्यात नेलाय" अशी टप्प्याटप्प्यानं खोटी तयारी त्यानं केली नाही. मला तेव्हा तो कठोर वाटला. आज वाटतं, त्यानं तिला मान दिला.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपण म्हणाल, मास्तर, तो जमाना गेला. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. खरं आहे. पण मोबाइल आल्यानं वाट पाहणं संपलं का, ते पाहू.

मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर लोणावळ्याजवळच्या नागफणी कड्याच्या परिसरात एकटा फिरायला गेला. वाट चुकली. मोबाइल होता, म्हणून आपण जंगलात अडकलोय हे तो कळवू शकला. पण नंतर फोन बंद झाला. शिवदुर्ग मित्रसारख्या स्थानिक गिर्यारोहकांनी, पोलिसांनी, एनडीआरएफच्या जवानांनी दऱ्या पालथ्या घातल्या. घरच्यांनी शोधून देणाऱ्याला एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं. अखेर दरीत त्याचा मृतदेहच सापडला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर गेलेले सहा जण धुक्यात वाट चुकले. पावसात, थंडीत त्यांना उघड्यावर रात्र काढावी लागली आणि त्यातला एक जण दगावला.

आणि हेही सांगितलं पाहिजे की २० ऑगस्ट २०२५ रोजी सिंहगडावर तानाजी कड्याजवळून एक तरुण बेपत्ता झाला. पाऊस, वारा, धुकं. दिवसामागून दिवस गेले, लोकांनी आशा सोडली. पाचव्या दिवशी तो गडाच्याच परिसरात जिवंत सापडला. म्हणून माझी आई म्हणाली ते बरोबर होतं. बातमी येत नाही तोवर रडायचं नाही.

मोबाइलनं एक नवी अडचणही आणली आहे. माणूस हरवला असं कळलं की चाळीस नातेवाईक एकाच वेळी त्याला फोन लावतात. काळजीपोटीच लावतात. पण प्रत्येक फोननं त्याची बॅटरी संपत जाते आणि शोधपथकाला लागेल तेव्हा फोन मेलेला असतो. एकानंच बोलावं, थोडक्यात बोलावं, आणि बाकीच्यांनी त्या एकाकडून माहिती घ्यावी. डोंगरात फोन लागत नाही तिथंही कधी कधी साधा एसएमएस निघून जातो, हे ध्यानात असू द्यावं. आणि त्या रात्री आमच्या ओट्यावर आलेला तो वाघ? तो आता व्हॉट्सॲपवरून येतो आणि एकाच वेळी पाचशे घरांत शिरतो. ऐकलेलं पुढे पाठवण्याआधी, ही बातमी त्याच्या आईनं वाचली तर काय होईल, एवढाच विचार करावा.

२०१८ सालची थायलंडमधली गोष्ट आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. २३ जूनला फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत शिरले, पाऊस झाला आणि पाण्यानं परतीची वाट बंद झाली. ती आत आहेत हे कळलं कशावरून? गुहेच्या तोंडाशी त्यांच्या सायकली उभ्या होत्या. मी ती बातमी वाचली आणि मला मोहाच्या झाडाखालच्या दोन मोटारसायकली दिसल्या. नऊ दिवस आईबाप गुहेबाहेर बसून होते. २ जुलैला पाणबुड्यांना मुलं जिवंत दिसली आणि १० जुलैपर्यंत सगळी बाहेर आली. त्यासाठी थायलंडच्या नौदलातल्या एका माजी पाणबुड्यानं प्राण दिले. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही मदतीला गेले होते, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट.

पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पत्रांची. मुलं अजून आतच होती तेव्हा पाणबुड्यांच्या हातून आत-बाहेर चिठ्ठ्या गेल्या. प्रशिक्षकानं पालकांची माफी मागितली होती. पालकांनी त्याला लिहिलं की आमचा तुझ्यावर राग नाही, तू स्वतःला दोष देऊ नकोस. बाहेर बसून वाट पाहणाऱ्यांनी आतल्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरवलं. आमच्या घरात, जिवंत परत आलेल्या माझ्या भावाला हे ओझं उतरवून देणारं कुणी बरीच वर्षं भेटलं नाही. तो सापडला तेव्हा आम्ही आनंद केला आणि समजलो की आता सगळं संपलं. त्याच्यापुरतं ते संपलेलं नव्हतं. नाल्यात उतरणाऱ्या मित्राला आपण अडवलं नाही, हे तो रात्री-अपरात्री उठून सांगायचा.

काही घरांत तर बातमी कधीच येत नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथला जो प्रलय झाला, त्यात हजारो माणसं गेली आणि पुष्कळांचे देहही मिळाले नाहीत. महिनाभरानंतर तिथल्या सरकारनं बेपत्ता माणसांना मृत धरून नातेवाइकांना मदत देण्याचा निर्णय घेतला. एरवी आपल्याकडे कायदा सात वर्षं थांबतो. सात वर्षं ज्याच्याबद्दल काही ऐकू आलं नाही, तो मेला असं धरता येतं. पण कायद्याची सात वर्षं आणि आईची सात वर्षं यांत फरक आहे. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. अशा दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं. मराठीत आपण त्याला अधांतरी दुःख म्हणू. माणूस गेला असं म्हणून रडता येत नाही आणि आहे असं म्हणून हसता येत नाही. अशा घरी जाऊन "आता विसरा" असं सांगू नये, आणि "येईल हो परत" असंही सांगू नये. जाऊन बसावं, बास.

आता थोडं आपल्या जिल्ह्याकडे परत येतो. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. आदिलाबाद, नांदेड अशी शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत १,३०० किलोमीटरहून अधिक चालून तो डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या जंगलात पोचला. तो कधी कुठे होता, हे वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांना कळत होतं. पेपरात त्याचा नकाशा आला तेव्हा माझा भाऊ तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "भाऊ, वाघाचा ठावठिकाणा ठेवला लोकांनी. आपला आपल्याले ठेवता आला नाई."

तसं पाहिलं तर ठावठिकाणा ठेवायला कॉलर कशाला हवी? आमच्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. महिन्याभराहून अधिक दिवसांची चाल. पण घरची म्हातारी सुद्धा सांगते, आज पारस, मग अकोला, पुढे परळी, अंबाजोगाई, सोलापूर. मुक्काम आधीच ठरलेले आणि छापलेले. वारकरी शेकडो कोस दूर असतो, पण घरच्यांच्या हिशेबात तो हरवलेला नसतो. चालणाऱ्यानं आपली वाट घरी ठेवून जायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. डोंगरात जाताना तेवढी आपण विसरतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. गडावर, जंगलात, धबधब्यावर जाणाऱ्या प्रत्येकानं घरी एक चिठ्ठी ठेवावी. वहीचा अर्धा कागद पुरतो. त्यावर लिहावं : बरोबर कोण कोण, आणि प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर. प्रत्येकाच्या, एकही न गाळता. गाडी कुठे ठेवणार. कुठून चढणार, कुठून उतरणार. अंगात कपडे कोणते, पायात काय. कुणाला कसलं औषध चालू आहे. किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप नाही आला तर शोध सुरू करायचा. बेत बदलला, गाडी वळवली, तर वळवण्याआधी एक फोन किंवा एक एसएमएस. फोन लागत नसेल तर शेवटच्या गावातल्या टपरीवाल्याला सांगून जावं. अभयारण्यात जायचं असेल तर परवानगी घेऊन, नोंदवहीत नाव लिहून जावं.

आणि घरच्यांसाठी : ठरलेली वेळ टळली तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता ११२ नंबरला फोन करा. माणूस हरवल्याची खबर द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. ठाण्यात जाताना त्या माणसाला सकाळी शेवटचं ज्यानं पाहिलं, त्याला बरोबर न्या. बहुतेक घरांत ती आई असते किंवा बायको असते, आणि बहुतेक घरांत आपण पुरुष तिला घरी ठेवून जातो. मीही तेच केलं होतं. शोधाला गेलेल्यांनी एक माणूस फक्त घरी निरोप देण्यासाठी नेमावा. ठरलेल्या वेळी, काही नसलं तरी.

शेवटी एक सांगून थांबतो. त्या मुलाच्या आईकडे जायची माझ्या भावाची तीन वर्षं हिंमत झाली नाही. चौथ्या वर्षी गेला. दारात उभा राहिला, तर शब्द फुटेना. तिनं त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं. दोष दिला नाही आणि विषयही काढला नाही. तो निघाला तेव्हा ओट्यापर्यंत आली आणि विचारलं, "इथून कोन्या गाडीनं जाशीन? घरी किती वाजता पोचशीन?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "पोचला की फोन करजो. शेजारी फोन हाये. मी तिथं जाऊन बसतो."

आज तिच्या घरी स्वतःचा फोन आहे. भाऊ आता पन्नाशीकडे झुकला आहे, नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. प्रवासाला निघताना तो आमच्या घरी कळवतो आणि तिलाही कळवतो. पोचल्यावर पहिला फोन तिला असतो. ती फार बोलत नाही. "पोचला का? बरं झालं," म्हणते आणि ठेवते.

नमस्कार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)